पॉवर स्टॉप झेड ३६ ब्रेक संच: कॅम्पर ओढणाऱ्या टोयोटा फोररनरसाठी

डेन्व्हरला राहून कॅम्पर, म्हणजे गाडीमागचं चाकांवरचं घर, ओढायचा म्हणजे आय-७० महामार्गाचा घाट चुकत नाही. आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांपर्यंतचा उतार, मागे ३,५०० पौंडांचं धूड. गेल्या वर्षी तिथेच ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं, जळका वास आला, स्टिअरिंग थरथरू लागलं. स्वस्तातले ब्रेक पॅड मीच घातले होते, दोष कोणाला देऊ?

या वेळी पॉवर स्टॉपचा झेड ३६ संच घेतला. कार्बन फायबर मिसळलेले सिरॅमिक पॅड, खाचा-भोकांचे रोटर (पॅड ज्यांवर दाबले जातात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या), त्यांवर जस्ताचा मुलामा. खाचा समजू शकतो; भोकं मात्र मला दिखाऊ वाटतात. नुसत्या खाचांचे असते तर तेच घेतले असते.

बसवणं शनिवारी सकाळी उरकलं. खरं काम त्यानंतरचं. ताशी ४० मैलांवरून १० पर्यंत पाच वेळा जोरात वेग उतरवायचा, मग ३५ वरून ५ पर्यंत पाच वेळा, आणि मध्ये गाडी पूर्ण थांबवायची नाही. मग ब्रेक निवू द्यायचे. हे टाळाल तर पॅडचा थर रोटरवर नीट बसत नाही. जुनं ब्रेक ऑइलही बदललं. पाणी शोषलेलं ऑइल तापलं की उकळतं आणि पेडल पुन्हा मऊ.

परवा तोच उतार उतरलो. पेडल घट्ट, वास नाही. अर्थात कॅम्परचे स्वतःचे ब्रेक चालू होते आणि गाडी खालच्या गियरमध्ये. कसारा घाटात बाबा तसेच उतरायचे.