सीए फायनल पुन्हा देताना: दोन्ही ग्रुप की एकेक?

निकाल लागून आठ-दहा दिवस झाले की नातेवाइकांचे फोन थांबतात आणि खरा प्रश्न समोर येतो. आता फॉर्म भरायचा तो दोन्ही ग्रुपचा की एकाच? ज्यांचे दोन्ही ग्रुप राहिलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रत्येक पेपरला चाळीस आणि एकूण बेरजेला पन्नास टक्के लागतात हा नियम, पेपरांची नावं, आयबीएसला (सगळे विषय एकत्र येतात त्या शेवटच्या पेपरला) पुस्तकं घेऊन बसता येतं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

माझ्या वेळी जुना अभ्यासक्रम होता. आठ पेपर, आणि परीक्षा वर्षातून दोनदाच, मे आणि नोव्हेंबरमध्ये. पहिल्या खेपेला दोन्ही ग्रुप राहिले. पुन्हा दोन्हींची तयारी सुरू केली, काही आठवड्यांनी एकाच ग्रुपवर आलो आणि मग एकेक करून दोन्ही काढले. दोन्ही वाटा थोड्याफार चालून पाहिल्यात, पण माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बहुतेक जण हा निर्णय पास होण्याच्या शक्यतेवर घेतात. मे २०२५ चे आकडे पाहा: पहिल्या ग्रुपचा निकाल २२.३८ टक्के, दुसऱ्याचा २६.४३, दोन्हींचा १८.७५. या आकड्यांवरून तुमच्याबद्दल फारसं काही कळत नाही, कारण कोण किती तयारीने बसलं होतं ते त्यात दिसत नाही. नापास झाल्यानंतरच्या काळात मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच प्रश्न: कोणत्या पद्धतीत तुम्ही रोज सकाळी पुन्हा टेबलाशी बसाल? मन उठून गेलेलं असतं. ते परत आणायचं काम अभ्यासाच्या आखणीनेच व्हावं लागतं, कारण नुसत्या धीराच्या शब्दांचा परिणाम दोन दिवस टिकतो.

दोन्ही ग्रुप एकदम देण्याची बाजू कमकुवत नाही. सगळ्यात मोठा फायदा एकत्रित बेरजेचा. प्रत्येक पेपरला चाळीस आहेत, पहिल्या ग्रुपला तीनशेपैकी १४२ आणि दुसऱ्याला १६२ मिळाले, तर सहाशेपैकी बेरीज ३०४ होते आणि दोन्ही ग्रुप सुटतात. तोच पहिला ग्रुप एकटा दिला असता तर आठ मार्कांनी राहिला असता. ज्याचा दुसऱ्या ग्रुपमधला टॅक्स पक्का आहे आणि पहिल्यातला एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) डळमळीत आहे, त्याला हा आधार खरोखर मोठा आहे. आर्टिकलशिपमधला (सीएच्या ऑफिसातल्या उमेदवारीतला) माझा एक मित्र असाच सुटला. त्याने एकेक ग्रुप दिला असता तर त्या वेळी पहिला राहिलाच असता, हे तो स्वतः सांगतो.

दुसरं म्हणजे घरचं दडपण. "एकदाचे दोन्ही काढून टाक रे, म्हणजे सुटलास," असं काका म्हणायचे, आणि त्यांचं चूक नव्हतं. घरात तीन-चार वर्षं सगळं तुमच्या परीक्षेभोवती फिरलेलं असतं. एका अटेम्प्टमध्ये संपणारी गोष्ट दोन अटेम्प्टपर्यंत लांबवायची, हे आईवडिलांना समजावणं सोपं नसतं. शिवाय नव्या अभ्यासक्रमात पेपर आठावरून सहावर आलेत, एका ग्रुपला तीन, आणि बहुतेक पेपरांत तीस मार्कांना एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) आहेत, त्यामुळे आता दोन्ही झेपतील असं वाटणं साहजिक आहे. काही जणांना खरंच झेपतात.

मग मी एकाच ग्रुपवर का आलो? कारण अगदी साधं आहे, आणि कोणाला क्षुल्लकही वाटेल. रविवारची संध्याकाळ.

दोन्ही ग्रुपचं वेळापत्रक कागदावर बसतं, पण एकही दिवस वाया जाणार नाही असं धरलं तरच. प्रत्यक्षात एक दिवस ऑफिसात क्लोजिंग निघतं, एक दिवस ताप येतो, एक दिवस चुलत बहिणीचा साखरपुडा असतो. चार दिवसांत संपवायचं ठरवलेलं कन्सॉलिडेशन (कंपन्यांचे हिशेब एकत्र मांडण्याचा धडा) आठवडाभर चालतं. एका विषयाचे तीन दिवस वाढले की त्याच्यामागचे सगळे विषय पुढे सरकतात, आणि परीक्षेची तारीख काही सरकत नाही. त्यामुळे दर रविवारी संध्याकाळी वही काढून पुढच्या सगळ्या तारखा नव्याने लिहायच्या. प्रत्येक वेळी काहीतरी कापायचं. आणि कापलं जायचं ते नेमकं तीन तास घड्याळ लावून पेपर लिहिणं, कारण वाचन कापायची कोणाचीच हिंमत होत नाही. म्हणजे परीक्षेत जे करायचं असतं तेच आधी जात होतं.

वेळ जाण्याचं एवढं वाईट वाटत नव्हतं. सोमवारी सकाळी जे वाटायचं ते वाईट होतं. नुकत्याच नापास झालेल्या माणसाला दर आठवड्याला स्वतःच्या अक्षरात "मागे पडलो" असं लिहावं लागतं, आणि त्याच माणसाने आत्मविश्वास परत आणावा अशी अपेक्षा असते. आठवडाभर चांगला अभ्यास झालेला असायचा. ऑडिटची दोन एसए (ऑडिटिंगची मानकं) नीट झालेली असायची, जीएसटीतलं इनपुट टॅक्स क्रेडिट समजलेलं असायचं. पण रविवारी हिशेब मांडला की ते सगळं कमीच दिसायचं. केलेल्या कामाचं समाधान मिळायला जागाच उरत नव्हती. माझ्यापुरता निर्णय तिथे झाला. मार्कांचं गणित मी नंतर केलं.

एका ग्रुपवर आल्यावर पहिला बदल हाच झाला की आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवता आला. राहिलेलं त्या दिवशी भरून निघायचं आणि तारखा नव्याने लिहाव्या लागायच्या नाहीत. दुसरा बदल जरा उशिरा कळला. विषय कमी असल्यामुळे पहिल्या विषयाकडे परत येईपर्यंत तो विसरलेला नसायचा. दुसऱ्या रिव्हिजनला धडा उघडल्यावर "हे मला येतंय" असं वाटणं, निकालानंतर पहिल्यांदा मला तिथे वाटलं. इन्स्टिट्यूटचे (आयसीएआयचे) आरटीपी म्हणजे सरावाचे पेपर आणि जुने सजेस्टेड आन्सर्स घेऊन उत्तरं लिहून काढायला वेळ मिळाला. उत्तरपत्रिकेत तरतूद, मग दिलेल्या प्रसंगाला ती कशी लागू होते, मग निष्कर्ष, हा क्रम हाताला बसतो तो लिहूनच. माझ्या अनुभवात भीती गेली ती या लिहिण्याने गेली. दुसऱ्या कोणाची वेगळ्या रीतीने जात असेल, ते मी नाकारत नाही.

एकेक ग्रुपचे तोटेही मोठे आहेत. बेरजेचा आधार जातो, हे वर आलंच. तीनपैकी एक पेपर अवघड निघाला तर सांभाळून घ्यायला फक्त दोन पेपर उरतात. बरोबरचे सुटतात, नावामागे सीए लावतात, आणि तुम्ही अजून "एक ग्रुप झालाय" असं सांगत असता. मुलाखतीत अटेम्प्ट विचारणारे असतातच. आणि बाजूला ठेवलेला ग्रुप शिळा होतो. पहिल्या ग्रुपमध्ये हे कमी जाणवतं, पण टॅक्सचे दोन्ही पेपर चार-सहा महिने बाजूला ठेवले की अमेंडमेंट, म्हणजे कायद्यातल्या दुरुस्त्या, बदललेल्या असतात.

म्हणून एकेक द्यायचं ठरलं तर आधी कोणता ग्रुप, याचा विचार नीट करा. मी टॅक्सचा ग्रुप आधी घेतला, कारण त्या वर्षीच्या अमेंडमेंट डोक्यात ताज्या होत्या आणि आर्टिकलशिपमध्ये रिटर्न भरून हात बसलेला होता. आताच्या मुलांसाठी हा प्रश्न जास्तच नाजूक आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा, २०२५ आला आहे. तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात ५३६ कलमं आहेत. तुमचा सगळा डीटी (प्रत्यक्ष कराचा पेपर) जुन्या कलमांवर झालेला असेल, तर तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे याची इन्स्टिट्यूटची सूचना आधी वाचा आणि मगच कोणता ग्रुप आधी ते ठरवा. त्या सूचनेवर दोन-तीन महिन्यांचं काम अवलंबून असतं.

परीक्षेचं वेळापत्रक बदलल्यामुळे या तुलनेतलं जुनं गणितही बदललंय. माझ्या वेळी एकेक ग्रुप म्हणजे मध्ये सहा महिने. २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. दोन ग्रुपांमधलं अंतर आता चार महिन्यांचं आहे. एकेक देण्याची किंमत तेवढी उतरली, हे माझ्या बाजूचं म्हणणं.

पण त्याच वेळापत्रकात एक अडचण आहे. २०२५ मध्ये मे परीक्षेचा निकाल ६ जुलैला लागला आणि पुढची परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. हातात जेमतेम दोन महिने. तेवढ्यात सहा पेपर पुन्हा उभे करणं, तेही निकालाचा धक्का बसलेला असताना, मला तरी जमलं नसतं. तीन पेपर जमू शकतात. मात्र एक ग्रुप दिल्यावर निकालाची वाट पाहत बसायचं नाही. आठवडाभर विश्रांती घेऊन दुसरा ग्रुप उघडायचा, पहिल्याचं काय झालं हे माहीत नसताना. एकेक पद्धतीत मनाची खरी परीक्षा या दोन महिन्यांत होते, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही.

एक्झम्प्शन, म्हणजे एखाद्या पेपरात चांगले मार्क पडल्याने तो पुन्हा न देण्याची सवलत, असेल तर हिशेब वेगळा. समजा पहिल्या ग्रुपमधल्या एएफएमला (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंटला) ६६ पडलेत. मग त्या ग्रुपला लागणाऱ्या दीडशेपैकी उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८४ लागतात, म्हणजे दोन्हीकडे बेचाळीस-बेचाळीस. असा पेपर हातात असताना तो ग्रुप बाजूला ठेवू नका. मार्क बेरजेत धरले जाणारी ही सवलत पुढच्या तीन परीक्षांपर्यंतच चालते, आणि तीन परीक्षा आता एका वर्षात संपतात. पूर्वी त्याच तीन परीक्षांना दीड वर्ष लागायचं. दोन्ही ग्रुपांत एकेक एक्झम्प्शन असेल तर चारच पेपर उरतात, आणि तिथे मीही दोन्ही ग्रुप द्या असंच म्हणेन.

काहीही ठरवण्याआधी उत्तरपत्रिकांच्या प्रती मागवा. निकालापासून तीस दिवसांच्या आत अर्ज करता येतो. मार्कांच्या व्हेरिफिकेशनमध्ये फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर एवढंच पाहतात, उत्तर पुन्हा तपासत नाहीत, त्यामुळे मार्क वाढतील या आशेने ते करू नये. प्रत मात्र स्वतःसाठी वाचावी. ती उघडायला धीर लागतो, मी ती अभ्यासिकेत न उघडता घरी एकटा असताना वाचली. पण वाचल्यावर "मला काहीच येत नाही" ही भावना विरते. कुठे प्रश्न लिहायचाच राहिलाय, कुठे वेळ संपलाय, कुठे उत्तर बरोबर असून तरतूद लिहिलेली नाही, हे दिसतं. मार्क सगळ्या पेपरांत थोडे थोडे गेले असतील आणि ते लिहिण्यामुळे गेले असतील, तर माझा कल एकाच ग्रुपकडे. एकाच पेपरने घात केला असेल आणि बाकी पाच बरे असतील, तर दोन्ही द्यायला हरकत नाही.

क्लास पुन्हा लावावा का, नोकरी धरावी का, याबद्दल थोडक्यात. एका विषयाला पूर्ण क्लास पुन्हा लावायला हरकत नाही, सगळ्यांना लावू नये, त्यात महिने जातात. टेस्ट सिरीजला पैसे घाला. नोकरी करत असाल तर दोन्ही ग्रुपचा विचारही करू नका, असं मी स्पष्ट म्हणेन. नोकरीबरोबर एक ग्रुप देणारे आणि काढणारे मी पाहिलेत. सकाळी पाच ते आठ आणि पूर्ण रविवार एवढ्यावर तीन विषय चालतात.

अजूनही ठरत नसेल तर एक करून पाहा. आज दोन्ही ग्रुपचं वेळापत्रक लिहा, त्यात प्रत्येक आठवड्याला एक पूर्ण पेपर घड्याळ लावून लिहिण्याचा दिवस ठेवा आणि तीन आठवडे चालवा. तीन रविवार तारखा बदलाव्या लागल्या नाहीत आणि तिन्ही पेपर लिहून झाले, तर तुमच्यात ती ताकद आहे, दोन्ही द्या. दुसऱ्याच रविवारी खोडाखोड सुरू झाली तर एका ग्रुपवर या. तोवर दोन्हींचा फॉर्म भरून झाला असला तरी फॉर्म दुरुस्त करायची करेक्शन विंडो उघडते तेव्हा ग्रुप बदलता येतो. तिच्या तारखा इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर येतात आणि ती मोजके दिवसच उघडी असते, तेवढं लक्षात ठेवा.