शिवराई जमवावी की राणीछाप?

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या पट्ट्यात जुन्या फडताळातून दोन नाणी हमखास निघतात: तांब्याची शिवराई आणि चांदीचा राणीछाप रुपया. उपप्रकार दोन्हींत ढीगभर. ओळखायची रीत मात्र पार वेगळी.

राणीछाप यंत्रावर पाडलेला, त्यामुळे फरक ठरलेले. १८४० चा रुपया घ्या. राणीच्या डोक्यावरून ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरं सलग गेली असतील तर तो आधीचा प्रकार; डोक्याने ती दोन बाजूंना तोडली असतील तर नंतरचा, साल तेच असलं तरी. मग मागच्या पानमाळेतली फळं मोजायची: १९, २०, २८, ३४, ३५ अशा संख्या सापडतात. दहापट भिंग आणि टाचणीचं टोक घेऊन एका बाजूने मोजत जा, नाहीतर हटकून एखादं फळ दोनदा मोजलं जातं.

१८६२ च्या रुपयात गंमत आणखी. पुढची बारा वर्षं नाण्यावर हेच साल राहिलं आणि मुंबईच्या टांकसाळीने सालाजवळ ठिपके देऊन फरक ठेवला. खरा ठिपका गोल आणि ओळीत असतो. ठसा गंजून आलेला उंचवटा वेडावाकडा.

शिवराई हाताने ठोकलेली. ठसा तुकड्यापेक्षा मोठा, म्हणून कडेची अक्षरं कापलेली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. ‘शिव’चं सिव, सीव, शीव असं काहीही होतं, आणि उपप्रकार तिथेच लपलेले असतात. अर्धं अक्षर दिसत असेल तर निर्णय टाळावा. ‘छत्र’ आणि ‘पति’च्या मध्ये दोन समांतर रेघा दिसल्या की ती दुदांडी, म्हणजे पुढच्या काळातली आणि बहुधा हलकी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया पेशवाईतल्या असतात. ‘महाराजांच्या काळची’ म्हणून कोणी चढा भाव सांगितला तर आधी या रेघा बघा, मग वजनकाटा मागा.

फसगतही निराळी. रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजेने थोडा उतरतो, पण अर्धा ग्रॅम कमी भरला आणि अक्षरं टोकदार दिसली तर संशय घ्या. आपल्याकडे रुपये गळ्यातल्या माळेत ओवले जात, त्यामुळे कडेला वरच्या बाजूस कडी जोडताना डाग दिल्याची खूण तपासा. कडी काढून घासलेला रुपया चांदीच्या भावानेच घ्यावा. शिवराईला असा आधारभाव नाही. चिंच-मिठाने घासली की तांबं गुलाबी पडतं, रेघा बोथट होतात आणि किंमत कोसळते. माती निघत नसेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रश फिरवावा, बस्स.

नवख्याने राणीछापपासून सुरुवात करावी; सहा-सात नाण्यांत नजर तयार होते. जुन्या बाळबोध अक्षरांची ओढ असेल आणि चाळीस-पन्नास नाणी शेजारी मांडून बघायची चिकाटी असेल, तरच शिवराई. अशा वेळी एकेक न घेता किलोवारी मोडीतला ढीग चाळायला मिळतो का ते बघा; शेतात नांगराखाली सापडलेली नाणी मात्र परस्पर घेऊ नका, त्यांना गुप्तधनाचा कायदा लागतो.