इंजिनच्या वायरिंगवर काय चढवायचं: काळी टेप, कापडी टेप, पाइप की जाळी?

गाडी जुनी झाली, बॉनेटखालचं कव्हर तडकून वायरी उघड्या पडल्या आणि वायरमन म्हणतोय "टेप मारून देतो", तर आधी विचारा कुठली टेप. बहुतेक वेळा ती नेहमीची काळी पीव्हीसीची असते, साधारण 80 डिग्रीपर्यंतची, आणि इंजिनाजवळ तिचा गोंद पाघळतो, टोकं सुटतात आणि पुढचा माणूस तो चिकटा खरवडत बसतो. डॅशबोर्डच्या आत चालेल, इंजिनात एकटी नको.

कापडी टेप घ्यायची तर त्यातही फरक आहे. टेसा कंपनीची 51608 नंबरची टेप मऊ, लोकरीसारखी, हाताने फाटते, वायरींचा खडखडाट थांबवते, पण ती केबिनसाठी. इंजिनासाठी 51036, 150 डिग्रीपर्यंतची, घासण्यालाही टिकते. महाग आहे, पण रोल बराच पुरतो.

मधून चिरलेला खाचांचा काळा पाइप, माझं मत विचाराल तर बहुतेकांनी हाच घ्यावा. कनेक्टर न काढता वायरींवर बसतो, पुढे एखादी वायर बदलायची तरी लगेच उघडतो. फक्त दुकानात नायलॉनचाच मागा, स्वस्तातले पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलिनचे दिसायला अगदी तसेच असतात पण उष्णतेत लवकर मऊ पडतात. चीर खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि कापडी टेप टोकांना आणि मधेमधेच मारा, पूर्ण पाइप गुंडाळला तर आत शिरलेलं पाणी बाहेर येणार कुठून?

पॉलिएस्टरची विणलेली जाळी देखणी दिसते, फोटोत तर फारच, आणि घासण्यापासून वाचवतेही, पण तेल-पाणी आरपार जातं. शिवाय साधी जाळी वायरीच्या टोकाकडून ओवावी लागते म्हणजे कनेक्टरच्या पिना काढा, नाहीतर गुंडाळायची वेगळी जाळी मिळते ती शोधा. कापलेली टोकं उसवतात, तिथे हीट श्रिंक (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी) हवंच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा भाग) किंवा टर्बोजवळ यातलं काहीच नको. तिथे सिलिकॉन चढवलेली ग्लास फायबरची स्लीव्ह, 260 डिग्री सहज झेलते, जाड असते म्हणून तेवढ्याच भागाला घाला. त्याआधी वायर चार बोटं लांब सरकवता येते का बघा, ते फुकट आहे!

आता उंदीर, पावसाळ्यात आपल्याकडचा खरा शत्रू. नायलॉनचा पाइप त्यांना थोडा वेळ अडवतो, बाकी टेप-जाळी म्हणजे नाश्ता. होंडाने मिरचीतलं कॅप्सेसिन असलेली टेप काढलीये, ती बाकीच्या कव्हरवरून गुंडाळता येते. तंबाखूची पुडी ठेवणारेही खूप आहेत, माझा त्यावर फारसा विश्वास नाही.

आणि गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी कव्हरच्या केबलना हातच लावू नका, त्यात हाय व्होल्टेज असतं, ते काम सर्व्हिस सेंटरचं.