हत्ती गेला, शेपूट राहिलं: चालू प्रोसेस हलवायच्या पद्धतींची तुलना

चालू प्रोसेस, म्हणजे चालत असलेला प्रोग्रॅम, एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर नेणारी सिस्टीम आखायला बसलं की चर्चा आधी मेमरीवर रंगते: पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, कधी पाठवायची, किती पाठवायची. हे मोजता येतं, म्हणून त्यावर लिहिलंही भरपूर गेलंय. माझ्या मते निवड ठरते ती दुसऱ्याच गोष्टीवर. प्रोसेस गेल्यावर जुन्या मशीनमध्ये तिचं काय अडकून राहतं?

तरी मेमरीचं आधी उरकू. प्रोसेस थांबवा, सगळं पाठवा, तिकडे सुरू करा, ही सर्वांत सोपी रीत. पण मेमरी जेवढी मोठी तेवढा थांबा लांब. स्टॅनफर्डच्या व्ही या ऑपरेटिंग सिस्टीमने 1985 मध्ये प्री-कॉपी मांडली. प्रोसेस चालू असतानाच पेजेस पाठवायची, तेवढ्यात बदललेली पुन्हा पाठवायची, आणि थोडकी उरली की क्षणभर थांबवून शेवटची फेरी करायची. थांबा घटतो, मात्र काही पेजेस नेटवर्कवरून दोन-तीनदा जातात. प्रोसेस नेटवर्कपेक्षा भराभर लिहीत असेल तर ही शर्यत संपतच नाही, म्हणून फेऱ्यांना मर्यादा घालावी लागते. कार्नेगी मेलनच्या अ‍ॅक्सेंट या ऑपरेटिंग सिस्टीमवर उलटा प्रयोग झाला: प्रोसेस लगेच पलीकडे सुरू करा आणि ज्या पेजला हात लागेल ते तेव्हा मागवा. सुरुवात झटपट होते, पण जुनं मशीन शेवटच्या पेजपर्यंत जिवंत लागतं. ते बंद करायचं म्हणूनच प्रोसेस हलवत असाल तर ही पद्धत सोडून द्या.

बर्कलीच्या स्प्राइट या ऑपरेटिंग सिस्टीमने मधला रस्ता काढला. बदललेली पेजेस फाइल सर्व्हरवर टाकायची आणि नव्या मशीनने लागतील तशी तिथून घ्यायची. जुनं मशीन निदान मेमरीपुरतं मोकळं होतं. अर्थात सगळ्यांना सारखी दिसणारी, वेगवान फाइल सिस्टीम आधी हवी.

आता शेपटाकडे, म्हणजे जुन्या मशीनमध्ये अडकून राहणाऱ्या गोष्टींकडे. उघड्या फाइल्स, सॉकेट (नेटवर्क जोडणीची टोकं), प्रोसेसचा नंबर, सिग्नल, पालक-मुलांची नाती हे सगळं कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, पोटात असतं. स्प्राइट आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातलं मोसिक्स यांनी प्रत्येक प्रोसेसला एक मूळ मशीन ठेवलं, आणि जी सिस्टीम कॉल (प्रोसेसने कर्नलकडे केलेल्या मागण्या) नव्या मशीनवर भागत नाहीत ती तिकडे परत पाठवली. स्प्राइटमध्ये फाइल सिस्टीम सामायिक असल्याने बरीचशी कॉल जागच्या जागी निभत. लिनक्सवरच्या मोसिक्समध्ये मूळ मशीनवर प्रोसेसचा एक प्रतिनिधी मागे राहतो. नुसती आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसला हे उत्तम. सतत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोसेसची मात्र वाट लागते, आणि मूळ मशीन पडलं की दूर गेलेली प्रोसेसही मरते.

शेपूट कापायचंच असेल तर आज लिनक्सवर क्रियू (CRIU) हे साधन आहे. प्रोसेसची पूर्ण अवस्था फाइलींत उतरवून ती दुसरीकडे उभी करता येते. चालू टीसीपी जोडणीही उतरवता यावी म्हणून कर्नलमध्ये खास सोय करावी लागली, ती 3.5 आवृत्तीपासून आहे. अटी बऱ्याच: आयपी पत्ता सोबत न्यावा लागतो, त्याच वाटेवर त्याच फाइली लागतात, दोन्ही प्रोसेसरना कळणाऱ्या सूचना जुळाव्या लागतात. त्यामुळे सुट्या प्रोसेसपेक्षा कंटेनरला (फाइली आणि नेटवर्कसकट वेगळा बांधलेला प्रोसेसचा गठ्ठा) हे जास्त मानवतं.

व्हर्च्युअल मशीनने, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाने, प्रश्नच बदलला. कर्नलसकट सगळं हलवलं की आतल्या फाइली आणि सॉकेट यांची उठाठेव उरत नाही. बाहेरचं नेटवर्क आणि डिस्क एवढंच सांभाळायचं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या झेन या सॉफ्टवेअरवरच्या 2005 च्या कामात हीच प्री-कॉपी वापरून गेम सर्व्हरचा थांबा 60 मिलिसेकंदांपर्यंत खाली आणला होता. एका छोट्या प्रोसेससाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम वाहून न्यायची हा बोजा आहेच. तरी मला विचाराल तर वीस वर्षांच्या कर्नल-कसरतीपेक्षा हा सौदा स्वस्त पडला.

आणि मुळात हलवावंच का? अ‍ॅमस्टरडॅमच्या अमीबा या सिस्टीममध्ये प्रोसेसरांचा सामायिक साठा असे आणि जागा सुरुवातीलाच ठरे. कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीसही पॉड (कंटेनरचा गट) हलवत नाही. जुना मारून नवा उभा करतो. अवस्था डेटाबेसमध्ये असेल तर तेवढं पुरे. 1988 मध्ये ईगर, लझोव्स्का आणि झहोरजान यांनी चालू प्रोसेस हलवण्याचा फायदा मर्यादितच असतो असं दाखवलं. 1996 मध्ये हार्कोल-बाल्टर आणि डाउनी यांनी खऱ्या युनिक्स मशीनवरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळं चित्र निघालं. सेकंदाहून अधिक सीपीयू खाल्लेली प्रोसेस आजवर जितकी चालली तितकीच आणखी चालण्याची शक्यता साधारण निम्मी असते. म्हणजे वय झालेल्या प्रोसेस हलवणं परवडतं, कोवळ्या हलवणं नाही.

स्प्राइटची सर्वांत हुशार युक्ती इथेच बसते. एक्झेकच्या वेळी, म्हणजे प्रोसेस नवा प्रोग्रॅम चढवते तेव्हा, जुनी मेमरी तशीही टाकून दिली जाते, मग प्रोसेस तेव्हाच पाठवा. वाहायला जवळपास काही नसतंच. समांतर कंपायलेशन याच जोरावर चाले. ऐन मध्यात हलवण्याची गरज मुख्यतः मशीनचा मालक परत आला की पडे.

म्हणून लांब चालणारी आकडेमोड आणि मोकळी पडणारी मशीन असतील तर मूळ-मशीनवाली पद्धत घ्या. देखभालीसाठी मशीन रिकामी करायची असतील तर व्हर्च्युअल मशीन, आणि सगळं कंटेनरमध्येच असेल तर क्रियू. कर्नलमध्ये स्वतःच लिहिणार असाल तर मेमरीच्या कोडआधी सिस्टीम कॉलची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: इथेच, मागे पाठवा, किंवा अशी प्रोसेस हलवायचीच नाही. तिसऱ्या उत्तराची लाज वाटू देऊ नका. सामायिक मेमरी वापरणाऱ्या प्रोसेस मोसिक्सपासून फुटलेल्या ओपनमोसिक्सनेही जागच्या हलवल्या नाहीत.