जुना कोळशाचा स्मोकर: गंज निघाला, झाकणाने छळलं

कित्येक पावसाळे उघड्यावर काढलेला, बाजूला वेगळी भट्टी असलेला स्मोकर (मांस वगैरे धुरावर मंद आचेने शिजवायचं उपकरण) मी वापरलेला घेतला. गंज पाहून घरचे हसले. तारेच्या ब्रशने घासल्यावर कळलं, गंज वरवरचाच; पत्रा जाड, ठणठणीत. भट्टीच्या तळाला मात्र नखाएवढं भोक निघालं, तिथे पोलादी पत्र्याचा तुकडा बोल्ट मारून बसवला. उष्णता सोसणारा काळा रंग फक्त बाहेरून. आतून नुसता खाद्यतेलाचा पातळ हात देऊन दोन-तीन तास तापवला. (आतूनही रंग मारायला निघालोच होतो, डब्यावरची सूचना वेळीच वाचली.)

खरी डोकेदुखी झाकणाची. फटींतून धूर गळायचा, हवा शिरायची आणि कोळसा भडकायचा. कडेने उष्णतारोधक फेल्टची पट्टी चिकटवली, तेव्हा कुठे तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअसवर टिकलं. झाकणावरचा काटा तर शुद्ध थापाड्या, उकळत्या पाण्यात ८५ दाखवतो! शेवटी जाळीजवळ वेगळा थर्मामीटर लावला.

नवशिक्याने घ्यावा का? पत्रा शाबूत असेल तर बिनधास्त. ५ पैकी ४; एक गुण त्या काट्याने खाल्ला. चाकं अजून कुरकुरतात, ते पुढच्या रविवारी बघू.