बोलकं भिंग घेतलं, त्याला सहा महिने झाले

आधी डोळ्यांचं सांगतो, कारण हे वाचून दाखवणारं यंत्र कोणाला उपयोगी पडेल हे त्यावरच ठरतं. माझ्या दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला, म्हणजे आतल्या पडद्याचा मधला भाग, वयोमानाने झिजलाय. उजव्यात पाणी झिरपायला लागलं म्हणून इंजेक्शनं घ्यावी लागली, डावा कोरडा प्रकार. कडेचं सगळं दिसतं. रामबागेतून राजवाड्यापर्यंत मी अजून एकटा चालत जातो. पण समोर उभ्या माणसाचे कान दिसतात आणि तोंड दिसत नाही. नातू विचारतो, "आजोबा, माझ्याशी बोलताना भिंतीकडे का बघता?" अरे, भिंतीकडे बघितलं की तू दिसतोस.

नोकरी बँकेतली. १९७६ ला लागलो, २०१४ ला हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. ३८ वर्षं दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या, आणि आता स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट सुनेपुढे धरावं लागतं. सून चांगली आहे, तक्रार नाही. पण म्युच्युअल फंडाचं पत्र सुनेने मोठ्याने वाचायचं आणि मी मान डोलवायची, हे जमेना.

म्हणून हे यंत्र. मोठ्या मोबाइलएवढं, जरा जाड, पाच इंचांचा पडदा, पाठीमागे कॅमेरा आणि दोन दिवे. कागदावर ठेवलं की अक्षर पडद्यावर मोठं दिसतं. दुसरं बटण दाबलं की ते पानाचा फोटो काढतं, चार-पाच सेकंद विचार करतं आणि वाचायला लागतं. ३८ हजार पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं भांडण आहे.

विक्रेता घरी दाखवायला आला. त्याने आपल्या बॅगेतून एक गुळगुळीत इंग्रजी कागद काढला आणि यंत्राने तो खडाखड वाचला. मी म्हटलं, हा तुमचा पढवलेला पोपट आहे, तो राहू द्या. माझी कापडी पिशवी तयार होती. तिच्यात लाइट बिल, गोळ्यांची पाकिटं, चेकबुक, मागच्या वर्षीचा दिवाळी अंक, आरत्यांची खिशातली पुस्तिका आणि आमच्या हिची भाजणी-मसाल्यांची वही. हे यंत्र घ्यायचं असेल त्याने एवढं कराच. आपले कागद आपण न्या.

लाइट बिल, बँकेचं पत्र, दवाखान्याचा छापील रिपोर्ट ही परीक्षा ते पहिल्या वर्गात पास झालं. हिंदी आणि इंग्रजी स्वच्छ वाचतं. इअरफोन लावला की घरात कोणाला पत्ताही लागत नाही. त्या फंडाच्या पत्रात काय होतं ते आता फक्त मला माहीत आहे.

मराठीचं मात्र विचारू नका. खोक्यावर भाषांच्या यादीत मराठी छापलंय. सेटिंगमध्ये मराठी निवडलं की आवाज येतो तो हिंदी बाईंचा. ज्ञानेश्वरीची 'ग्यानेश्वरी' होते. ते आम्हा इंदूरकरांना चालतं, आम्ही तसेही निम्मे हिंदीच. पण 'चहा'तला च बाई 'चमचा'सारखा मऊ न म्हणता 'चार'सारखा म्हणतात, आणि 'केलं', 'गेलं' यांच्या शेवटी नाकात म् लावतात. 'दुसऱ्या'तला तो अर्धा र यंत्राला दिसतच नाही, 'दुसया' वाचतं. मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "अंकल, लिपि तो एक ही है ना." पुढच्या अपडेटमध्ये मराठी आवाज येईल म्हणाला. तीन अपडेट झाले. बाई त्याच आहेत.

दिवाळी अंकाची आणखी एक गंमत. पानावर दोन रकाने असले की यंत्र कधीकधी सरळ आडवं वाचत जातं. डावीकडे लाडवांची कृती, उजवीकडे जाहिरात. आम्ही ऐकलं ते असं: "बेसन दोन वाट्या, गुडघेदुखीवर हमखास आराम, मंद आचेवर खमंग भाजावे." ही हसून हसून खुर्चीत बसली. उपाय सोपा आहे, पण तो कोणी सांगितला नाही. उजवा रकाना कोऱ्या कागदाने झाकायचा आणि मग फोटो काढायचा.

एवढं ऐकून वाटेल की पैसे पाण्यात गेले. तसं नाही. मी आवाजासाठी घेतलं आणि वसूल झालं ते पडद्यावर. भाजणीची वही घ्या. माझ्या सासूबाईंनी पेन्सिलने लिहिलेली, कागद पिवळा, अक्षर पुसट. हाताचं अक्षर यंत्राला वाचता येत नाही, प्रयत्न केला तर काहीतरी बरळतं. पण पडद्याचे रंग बदलता येतात: काळ्यावर पांढरं, निळ्यावर पिवळं, असे पाच-सहा प्रकार. काळ्यावर पिवळं केलं आणि ती पेन्सिल वर आली. 'तांदूळ ४, चणाडाळ २, उडीद १, धने मूठभर' आणि पुढे कंसात 'मोठी मूठ'. साध्या भिंगाने हे दिसलं नसतं. भिंग पुसट अक्षर मोठं करतं, पण ते पुसटच राहतं. इथे फिकं गडद होतं, आणि माझ्यासारख्या डोळ्याला मोठेपणाइतकीच गडदपणाची गरज असते.

मोठेपणाचा हव्यास करू नका, हेही शिकलो. विक्रेते २० पट, २४ पट असं अभिमानाने सांगतात. पाच इंची पडद्याची रुंदी ११ सेंटिमीटर. आठ पट केलं की कागदाचा जेमतेम १४ मिलिमीटरचा तुकडा दिसतो, म्हणजे वर्तमानपत्रातली पाच-सहा अक्षरं. त्यात शिरोरेषा रस्त्यासारखी रुंद होते. ओळ संपली की परत डावीकडे यायचं आणि पुढची ओळ शोधायची, यात माणूस घराची वाट चुकतो. मी चार पटीवर आलो, यंत्राखाली आडवी पट्टी ठेवतो, तिच्या कडेने सरकवतो. लांब मजकूर असेल तर मात्र आवाजच बरा, बाईंचा उच्चार सोसून.

गोळ्यांचं पाकीट हा खरा छळ. औषधाचं नाव छापलेलं असतं, ते यंत्र वाचतं, चंदेरी कागद चकाकला नाही तर. पण मुदतीची तारीख कित्येक पाकिटांवर शाईशिवाय नुसती दाबून उमटवलेली असते. तिथे आवाज गप्प. यंत्राचे दिवे बंद करायचे, पाकीट खिडकीशी तिरपं धरायचं, उजेड कडेने आला की खळग्यांना सावली पडते. त्या क्षणी चित्र गोठवायचं बटण दाबायचं, मग यंत्र खाली आणून निवांत बघायचं. हे गोठवणं मला सगळ्यात आवडतं. मान वर करून फळीवरचा डबा वाचायचा नाही, हात उंच करून बटण दाबायचं आणि चित्र खाली घेऊन यायचं. मीटरचं रीडिंग मी असंच घेतो.

नोटांसाठी मात्र यावर खर्च करू नका. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' (MANI) नावाचं ॲप २०२० पासून फुकट आहे, इंटरनेट नसलं तरी नोट ओळखून सांगतं. आणि कॅशियरच्या बोटांना तेही लागत नाही. १०० ची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६, ५०० ची १५०, उंची सगळ्यांची ६६. शिवाय कडेला उठावाच्या रेघा असतात, १०० ला चार, ५०० ला पाच, २०० ला चार आणि मध्ये दोन गोल. मळक्या नोटेवर त्या चपट्या होतात, तेव्हा लांबीच खरी. ४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं लोकांना वाटतं. दिवसभर गड्ड्या मोजलेल्या माणसाला विचारा.

मुलगा म्हणत होता, फोनवरच करा ना. त्याचं अर्धं बरोबर आहे. गूगलचं लुकआउट, मायक्रोसॉफ्टचं सीईंग एआय ही फुकटची ॲप आहेत, ती आधी महिनाभर वापरून बघा, त्यात भागलं तर ३८ हजार वाचले. माझं भागलं नाही, कारण फोनला बटणं नाहीत. काचेवर कुठे बोट लागलं ते मला दिसत नाही आणि वाचता वाचता कोणाचा तरी फोन येतो. या यंत्राला पाच उंच बटणं आहेत, अंधारातही चुकत नाहीत. नातवाने एकदा शोधून सांगितलं की रे कुर्झवाइल या अमेरिकी संशोधकाने छापील मजकूर मोठ्याने वाचणारं पहिलं यंत्र १९७६ साली लोकांसमोर आणलं आणि ते कपडे धुण्याच्या यंत्राएवढं होतं. म्हणजे मी काउंटरवर बसलो त्याच वर्षी. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मला काय करायचंय.

बॅटरी तीन तास सांगतात, दोन मिळतात. पट्टा मजबूत आहे. सोबतचं कव्हर अगदीच टाकाऊ, हिने जुन्या पैठणीच्या काठाची पिशवी शिवून दिली. आणि हल्ली यंत्र अर्धा दिवस तिच्याकडेच असतं. डोळे तिचे ठणठणीत, पण तुरीची डाळ निवडताना ताटावर धरते आणि म्हणते, अहो, यात किडे केवढे दिसतात.

राहिली सही. यंत्राला मागे एक पाय आहे, तो उघडला की खाली पेन जाण्याइतकी जागा होते. पहिल्या दिवशी चेकवर सही करून पाहिली. हात पुढे जातो आणि पडद्यावर रेघ किंचित उशिरा येते, त्यामुळे हात थबकतो आणि वेलांटी तुटते. दहा-बारा कागद खराब केले. मग कळलं की जागा तेवढी पडद्यावर बघायची, पेन टेकवायचं आणि सही करताना नजर खिडकीबाहेर ठेवायची. हाताला ठाऊक असतं.

तरी अशी सही केलेला एक चेक परत आला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, सही जुळत नाही." मी नमुन्याचं कार्ड मागितलं, चेक शेजारी ठेवला, यंत्र काढलं, चार पट, काळ्यावर पांढरं. आडनावातला ळ अर्धाच वळलेला, खालची रेघ उजवीकडे घसरलेली. मी असतो तर मीही पास केला नसता. तिला तसं सांगितलं, नव्या नमुन्याचा फॉर्म घेतला आणि तिथेच, यंत्र बाजूला ठेवून, तीन सह्या केल्या.