श्टुग ३ की पान्झर ४?

दुसऱ्या महायुद्धातली ही दोन जर्मन चिलखती वाहनं: पान्झर ४ हा रणगाडा, तर श्टुग ३ ही चिलखती गाडीवर बसवलेली तोफ. १९४३ नंतर दोघांची तोफ जवळपास एकच: ७५ मिलिमीटर, नळी ४८ कॅलिबर, म्हणजे तिच्या आतल्या व्यासाच्या ४८ पट, लांब. मग फरक उरतो तो फिरत्या बुरुजाचा, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

श्टुगला बुरूज नाही. उंची जेमतेम २.१६ मीटर, पान्झर ४ ची सुमारे २.७. अर्धा मीटर म्हणजे किरकोळ वाटेल, पण झुडपाआड दबा धरून बसलेल्या गाडीसाठी तोच जीवन-मरणाचा प्रश्न. श्टुगचा कमांडर कात्रीच्या आकाराची दुर्बीण झाकणातून वर काढायचा आणि डोकं आत ठेवून शत्रूचं अंतर जोखायचा. समोरचं चिलखत ८० मिलिमीटर. पान्झर ४ च्या बुरुजाचं तोंड मात्र शेवटपर्यंत ५० मिलिमीटरवरच अडलं.

श्टुगची तोफ दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा अंशच वळायची. शत्रू बगलेला आला की चालकाला अख्खी गाडी वळवावी लागे. चढाईत, चहूबाजूंनी मारा होत असताना, हे फार महागात पडायचं. तिथे पाच जणांचा पान्झर ४ च हवा.

श्टुगची मूळ कल्पना १९३५ ची, जर्मन सेनाधिकारी मानस्टाइनची: पायदळासोबत चालणारी तोफ. रणगाडे मारण्याचं काम १९४२ मध्ये लांब नळी आल्यावर खऱ्या अर्थाने तिच्या गळ्यात पडलं. बुरूज नसल्याने ती स्वस्त पडे, बनायचीही लवकर. म्हणून माघार घेत लढणाऱ्या सैन्यासाठी मी श्टुगच निवडेन.